साठीनंतरची प्रमुख भूमिका

काही वर्षांपूर्वी सायंकाळचा दवाखाना आटोपून मी घरभेटींना निघत असे, तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असत. ज्या घरी जावे त्या घरातून एकच करडा आवाज कानी पडे. डोक्यावरून पदर, नाकात चमकी, डोळ्यांत जरब आणि शब्दांत धार. ‘बालिका वधू’मधील कल्याणीदेवी, म्हणजेच सर्वांच्या ‘दादीसा’. जुलै २००८ मध्ये सुरू झालेली ही मालिका पुढे आठ वर्षे चालली. माझ्या रुग्णांपैकी एक निवृत्त मुख्याध्यापिका तर भाग संपल्याखेरीज मला त्यांच्या दंडाला रक्तदाबयंत्राचा पट्टा बांधू देत नसत. सारे गाव त्यांना ‘बाई’ म्हणे. मीही त्यांना बाईच म्हणत आलो. “डॉक्टर, थांबा जरा. या म्हातारीपुढे माझा रक्तदाब तसाही खरा येणार नाही,” असे म्हणून त्या हसत.

दादीसा साकारणाऱ्या सुरेखा सिक्री यांच्याविषयी आज लिहीत आहे. आरोग्याच्या सदरात अभिनेत्रीचे काय काम, असे काही वाचकांस वाटेल. तथापि या बाईंच्या कारकिर्दीचा आलेख, आणि विशेषतः तिची अखेरची तीन वर्षे, आपणां ज्येष्ठांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना जे सांगून जातात, ते मला औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

सुरेखा सिक्री यांचा जन्म १९ एप्रिल १९४५ चा. बालपण अल्मोडा आणि नैनितालच्या डोंगराळ परिसरात गेले, शिक्षण अलिगढला झाले. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात त्यांनी अभिनयाचे धडे घेतले आणि त्याच संस्थेच्या नाट्यमंडळात एक तपाहून अधिक काळ रंगभूमीवर काम केले. या नाट्यसेवेबद्दल १९८९ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी त्यांना ओळखण्याआधीच त्यांच्या गाठीशी एक संपूर्ण कारकीर्द होती.

१९८८ च्या प्रारंभी दूरदर्शनवर गोविंद निहलानी यांची ‘तमस’ मालिका आली. फाळणीच्या वणव्यात घर सोडून निघालेल्या वृद्ध शीख दांपत्याला घरच्यांचा रोष पत्करून आश्रय देणारी राजो आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या भूमिकेने सिक्री यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. दुसरा मिळाला श्याम बेनेगल यांच्या ‘मम्मो’साठी. त्यात मुंबईत नातवाला एकटीने वाढवणारी आजी त्यांनी उभी केली. पुढे ‘बनेगी अपनी बात’, ‘जस्ट मोहब्बत’, ‘सात फेरे’ अशा मालिका आल्या. ‘सरदारी बेगम’, ‘झुबैदा’, ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’, ‘रेनकोट’ असे चित्रपट आले. भूमिका कधी मोठी, कधी दोन-चार प्रसंगांची. नाटक, समांतर चित्रपट, दूरदर्शन, दररोजची मालिका ही सारी माध्यमे त्यांनी हाताळली.

आता वयाचा हिशेब पाहा. ‘तमस’च्या वेळी त्यांचे वय बेचाळीस. ‘बालिका वधू’ सुरू झाली तेव्हा त्रेसष्ट. सरकारी नोकरीत असत्या तर तोवर निवृत्तिवेतन सुरू झाले असते. घराघरांत त्यांची ओळख झाली ती त्यानंतर. मालिका चालू असतानाच, २००९ मध्ये त्यांचे पती हेमंत रेगे यांचे निधन झाले. त्या दुःखानंतरही त्या पुन्हा कामावर उभ्या राहिल्या. ‘बधाई हो’तील खाष्ट पण न्यायी आजी साकारली तेव्हा त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या, आणि तिसरा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या भूमिकेने दिला. ‘आता या वयात काय नवे होणार?’ असे दवाखान्यात रोज ऐकणाऱ्या मला हा हिशेब फार बोलका वाटतो.

न्हाणीघरातील ती पडझड

२०१८ च्या उत्तरार्धात महाबळेश्वर येथे चित्रीकरणासाठी गेल्या असता सुरेखा सिक्री यांना मेंदूच्या पक्षाघाताचा झटका आला. त्या न्हाणीघरात पडल्या व डोक्याला मार लागला, असे त्यांनीच नंतर वार्ताहरांना सांगितले होते.

येथे क्षणभर थांबू या. घरातील वडीलधारी व्यक्ती न्हाणीघरात पडली की आपण पहिले वाक्य काय उच्चारतो? “पाय घसरला असेल.” पुष्कळदा ते खरेही असते. परंतु पडल्यामुळे काय दुखावले हे पाहताना, मुळात ती व्यक्ती पडली का, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. पक्षाघाताने एका बाजूचा पाय अचानक लुळा पडला, हृदयाचे ठोके अनियमित झाले, उठताना रक्तदाब एकाएकी उतरला किंवा मधुमेहाच्या गोळीने साखर कमी झाली, तरी माणूस पडतोच. म्हणून पडलेल्या ज्येष्ठाला उचलण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. हसायला सांगावे, ओठांचा एक कोपरा खाली ओघळतो का? दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगावेत. एक हात खाली येतो का? नेहमीचे एखादे वाक्य बोलायला सांगावे. जीभ अडखळते का, शब्द चुकतात का? डोळ्यांपुढे अचानक अंधारी आली किंवा तोल जातो आहे का, हेही विचारावे. यांपैकी एक जरी लक्षण नव्याने दिसले, तरी ते पक्षाघाताचे समजून चालावे. मधुमेही व्यक्तीची साखर घरच्या यंत्रावर तपासावी, पण त्यासाठी रुग्णवाहिका बोलावणे लांबवू नये.

अशा वेळी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. रुग्ण शेवटचा पूर्णपणे ठीक केव्हा दिसला होता, ती वेळ डॉक्टरांना हवी असते. झोपेतून उठताना लक्षण दिसले, तर वेळ झोपण्यापूर्वीची धरतात. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असता उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही जितके लवकर तितके अधिक उपयोगी. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी बारीक नळीच्या साहाय्याने काढण्याची सोय मोठ्या रुग्णालयांत असते. काही निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंत करता येते. म्हणून १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट जावे.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. तोंडात पाणी, चहा, साखर, गोळी काहीही घालू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते फुप्फुसात जाते. अ‍ॅस्पिरिनची गोळी आपल्या मनाने मुळीच देऊ नये. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनवाचून कोणालाही, अगदी मलाही, सांगता येत नाही. आणि रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करते. लक्षणे पाच-दहा मिनिटांत आपोआप नाहीशी झाली, तरी “बरे झाले, टळले” असे म्हणून घरी थांबू नये. ती मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते.

माझी एक चूक

बाईंच्या हातून चहाचा कप निसटला तो २०१९ च्या पावसाळ्यात, सकाळी सातच्या सुमारास. उजवा हात जड वाटत होता. घरच्यांना वाटले, रात्री अंगाखाली दबला असेल. सुनेने मायेने तेल कोमट करून चोळले. दुपारी बोलणे अस्पष्ट झाले, तेव्हा वाटले, कवळी सैल झाली असावी. सायंकाळी सहा वाजता त्यांना माझ्या दवाखान्यात आणले. मी पाहताक्षणी ओळखले आणि तातडीने शहरात पाठवले. परंतु इंजेक्शनची वेळ केव्हाच उलटून गेली होती. चौकशीअंती कळले की, बरे वाटते म्हणून बाईंनी रक्तदाबाची गोळी दोन महिन्यांपासून बंद केली होती. रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो फसवतो.

येथवरची चूक अज्ञानाची होती. पुढची चूक मात्र माझी. तीन आठवड्यांनी बाई घरी आल्या. उजवा हात निकामी, चालणे आधाराने, आणि वाणी जवळजवळ गेलेली. केवळ ‘हो’ एवढाच शब्द उरला होता. मी घरच्यांना गंभीरपणे सांगितले, “आता यांना काहीही करू द्यायचे नाही. पूर्ण आराम.” घरच्यांनी माझा शब्द अक्षरशः पाळला. पाण्याचा पेला ओठाशी धरला जाऊ लागला. केस विंचरायला मावशी आल्या. टीव्हीचा रिमोटही त्यांच्या हातून गेला. “आई, तुम्ही राहू द्या,” हे वाक्य दिवसातून पन्नासदा त्यांच्या कानी पडू लागले. दोन महिन्यांत बाईंनी तो उरलेला ‘हो’ही बोलणे सोडले. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मी नैराश्यावरील औषध सुरू केले. त्याची आवश्यकता होतीच. पक्षाघातानंतर नैराश्य वारंवार येते आणि त्यावर उपचार केलेच पाहिजेत. परंतु त्यांच्या हातातून आयुष्यच काढून घेण्याचा सल्ला माझा होता, हे मला तेव्हा उमगले नाही.

चाकांची खुर्ची

२३ डिसेंबर २०१९. दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा सोहळा झाला. सुरेखा सिक्री चाकांच्या खुर्चीवर बसून पुरस्कार घेण्यास आल्या आणि सारे सभागृह उठून उभे राहिले. दूरचित्रवाणीवर ते दृश्य अनेकवार दाखवले गेले.

त्या आठवड्यात मी बाईंकडे गेलो, तेव्हा त्यांची सून मला दाराशीच म्हणाली, “डॉक्टर, आईंनी काल दादीसांना पाहिलं. त्या खुर्चीत होत्या. आई कितीतरी वेळ डाव्या हाताने पडद्याकडे बोट दाखवत होत्या. मला विचारायचंय, यांना काही काम दिलं तर चालेल का?”

एमबीबीएस होऊन पंचवीसहून अधिक वर्षे झालेल्या डॉक्टरला हा प्रश्न एका गृहिणीने विचारावा लागला. मी म्हणालो, “चालेल. मीच चुकीचे सांगितले होते, ताई. आजपासूनच द्या.”

पहिल्या दिवशी मेथीची जुडी पुढे ठेवली. डाव्या हाताने एक-एक पान खुडताना एक तास लागला. भाजीला त्या दिवशी उशीर झाला आणि कोणी तक्रार केली नाही. फिजिओथेरपी पुन्हा नियमित झाली. वाचा-उपचारतज्ज्ञांनी एक गोष्ट सांगितली. ज्यांची भाषा हरपते, त्यांच्यापैकी अनेकांच्या ठायी पाठ झालेल्या गोष्टी, म्हणजे आकडे, वार, प्रार्थना, शाबूत राहतात. कारण मेंदू त्या वेगळ्या वाटेने बोलतो. बाईंनी हयातभर मुलांकडून पाढे घोकून घेतले होते. म्हणून रोज सायंकाळी नातवाने त्यांच्यासमोर बसून पाढे म्हणावयाचे, असे ठरले. तीन आठवडे बाई केवळ ऐकत होत्या. एके दिवशी सतराच्या पाढ्यात नातू सातव्या पायरीवर चुकला. बाईंनी डावा हात गादीवर आपटला आणि स्वच्छ उच्चारल्या, “एकशे एकोणीस!”

चमत्कार झाला, असे मी म्हणणार नाही. बाईंचा उजवा हात पुरता सुधारला नाही, आणि वाक्ये आजही अडखळतच येतात. परंतु घरात त्यांना विचारल्याशिवाय नातवाची गृहपाठाची वही मिटत नाही. रुग्ण राहूनही त्या पुन्हा बाई झाल्या.

सुरेखा सिक्री यांनीही तेच केले. १ जानेवारी २०२० रोजी प्रदर्शित झालेल्या ‘घोस्ट स्टोरीज’मध्ये झोया अख्तर यांच्या कथेत त्या दिसल्या, त्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेच्या भूमिकेत, तिची देखभाल करणारी तरुण परिचारिका जान्हवी कपूर यांनी साकारली आहे. पुढे कोविडच्या काळात पासष्ट वर्षांवरील कलावंतांना चित्रीकरणास मज्जाव करणारा नियम महाराष्ट्रात लागू झाला. आपल्याला मदतीचा निधी नको, सन्मानाने काम हवे, अशीच सिक्री यांची भूमिका होती. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्बंध रद्द केला. काळजी आणि बंदी यांतील सीमारेषा किती पुसट असते, हे त्या नियमाने सरकारला आणि ‘पूर्ण आराम’ या दोन शब्दांनी मला शिकवले.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

सप्टेंबर २०२० मध्ये सुरेखा सिक्री यांना दुसरा झटका आला. १६ जुलै २०२१ रोजी मुंबईत हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले, वय शहात्तर. अखेरच्या क्षणी कुटुंबीय आणि त्यांची देखभाल करणारी माणसे जवळ होती, असे त्या वेळी कळवण्यात आले होते. त्या निवेदनात देखभाल करणाऱ्यांचा उल्लेख झाला, याचे मला समाधान वाटले. आपल्याकडे तो सहसा होत नाही.

एकदा झटका येऊन गेलेल्यांना तो पुन्हा येण्याचा धोका अधिक असतो. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांवर नियंत्रण, रक्त पातळ ठेवणारी गोळी न चुकता घेणे, तंबाखू संपूर्ण बंद करणे आणि हृदयाच्या ठोक्यांची तपासणी यांमुळे हा धोका खचितच कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून सर्व पथ्ये सांभाळूनही दुसरा झटका आला, तर घरातील कोणीही स्वतःस दोषी मानू नये. सुना, मुली, पत्नी आणि काही घरांतील मुलगे वर्षानुवर्षे रात्रीची झोप मोडून सेवा करतात आणि शेवटी ‘आपण कमी पडलो’ हे ओझे वाहतात. मी डॉक्टर म्हणून सांगतो, ते ओझे उतरवून ठेवा.

पडून असलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये. खांदा निखळतो व कायमचा दुखतो. बसवूनच, लहान घासांनी भरवावे; ठसका लागत असल्यास गिळण्याची तपासणी करून घ्यावी. न्हाणीघरात भिंतीला पकडदांडा, खाली न घसरणारी चटई, बसायला भक्कम खुर्ची आणि रात्री मंद दिवा असावा. आतून कडी लावू देऊ नये. आणि आठवड्यातील किमान एक दुपार शुश्रूषा करणाऱ्याची स्वतःची असावी. मामी, आत्या, शेजारीण, कोणीही येऊन दोन तास बसावे. तुमचा रक्तदाब शेवटी कधी मोजला होता, हे आठवते का? आठवत नसेल, तर पुढच्या खेपेस रुग्णासोबत तुमचाही मोजून घ्या.

‘बधाई हो’त सुनेवर सतत करवादणारी आजी, इतर नातेवाईक त्याच सुनेला हिणवू लागताच, भर मंडळींत तिची बाजू घेते. माझी सेवा केली ती हिनेच, असे सर्वांना सुनावते. त्या प्रसंगात चित्रपटगृहात अनेक सुनांचे डोळे पाणावले असतील. ज्येष्ठ वाचकहो, आपणही हे एकदा मोठ्याने म्हणून टाकावे. त्यासाठी पथ्य नाही आणि मात्राही ठरलेली नाही.

दादीसा ही व्यक्तिरेखा आरंभी बालविवाहाची कट्टर समर्थक होती. पुढे तीच बदलली, चुका कबूल करून नातसुनेच्या पाठीशी उभी राहिली. वयाच्या त्या टप्प्यावर मन बदलू शकते, हे प्रेक्षकांना पटले. मग मेंदू नव्या वाटा शोधू शकतो, हे पटायला काय हरकत आहे?

म्हणून आज एवढेच मागणे. आपल्या घरी अंथरुणावर किंवा खुर्चीत कोणी असेल, तर आज सायंकाळी त्यांना एक काम सोपवा. लसूण सोलणे असो, देवापुढची वात करणे असो, नातवाचे पाढे ऐकणे असो. जपून, बसवून, जवळ राहून, पण सोपवाच. वेळ लागेल. लागू द्या.